डबल बेल

गेल्या श्रावणात मी मारुतीवर रुसलो होतो. रुसलो म्हणणं सौम्य झालं, खरं तर मी त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. खुलताबादचा आमचा भद्रा मारुती झोपलेला आहे, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दुसरीकडं तो पर्वत उचलून उभा असतो, नाहीतर हात जोडून. आमचा मात्र आडवा. कितीतरी वर्षं श्रावणातल्या शनिवारी मी पडेगावहून पायी त्याच्याकडं गेलो, पण जे कधी मनात आलं नव्हतं ते गेल्या वर्षी आलं. हा आपलं ऐकतो तरी का? झोपलेल्याला गाऱ्हाणं सांगून काय हशील? असला विचार करणारा मी माणूस नव्हे, पण मन विटलं होतं.

त्याला कारण माझी नात रेणू. वय सात. तिला ऑटिझम आहे. कागदावर त्याला स्वमग्नता लिहितात, तो शब्द मला कधी पटला नाही. स्वतःत मग्न राहायला मिळालं असतं तर पोरगी सुखी झाली असती. तिला उलट सगळंच एकदम ऐकू येतं, कुकरची शिट्टी, शेजारच्या पंख्याची करकर, रस्त्यावरचे हॉर्न, आणि कुठलंच बाजूला सारता येत नाही. बोलते थोडं, तेही बहुतेक दुसऱ्याचं ऐकलेलं जसंच्या तसं. आणि सहन होईनासं झालं की असेल तिथं आडवी होते. उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, कान जमिनीला. मग कुणाच्या बापाला ती उठत नाही.

मी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होतो. आमच्या कामात एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. दोनला आम्ही डबल म्हणतो. रेणू लहान असताना घराबाहेर पडायलाच तयार नसायची, तेव्हा एकदा सहज मी दारावर दोनदा टकटक केलं आणि म्हटलं, "डबल." पोरगी उठून चालायला लागली. तेव्हापासून तोच आमचा परवाना. जेवायला चल, डबल. आंघोळीला चल, डबल. देवळात मात्र मी घंटा आयुष्यभर एकदाच वाजवत आलो. एक घंटी, म्हणजे थांब बाबा, आधी माझं ऐक. ही माझी आणि मारुतीची खासगी गोष्ट होती, बायकोला सोडून कुणाला सांगितली नव्हती, आणि ती तर आता नाही.

नोकरीत मला एकाच गोष्टीचा तिटकारा होता, चेकरचा. माळावर मध्येच गाडी थांबवून चढायचे आणि काही न बोलता मागून पुढून बघत राहायचे. माझं काम चोख असायचं, तरी चेकर चढला की माझे हात थरथरायचे, तिकिटं खाली पडायची, आणि मग तो हसायचा. त्या हसण्यानं माझं डोकं फिरायचं. हे आत्ता सांगून ठेवतो, कारण पुढं ते माझ्यावरच उलटणार आहे.

रेणूला उस्मानपुऱ्यातल्या एका शाळेनं घेतलं. मुख्याध्यापिका बाई चांगल्या होत्या, उगाच कुणाला नावं ठेवणार नाही. पण त्यांची एक अट होती: वर्गात रेणूजवळ पूर्ण वेळ एक माणूस हवं, फक्त तिच्यासाठी. ते माणूस आपण शोधायचं, सांभाळायचं. शाळेत त्याला शॅडो टीचर म्हणतात, आम्ही घरी मदतनीस ताई म्हणायचो. मुलगा वाळूजला कंपनीत, शिफ्टमध्ये अडकलेला. सून कविता दवाखान्यात नर्स. रिकामा मीच, तेव्हा हे काम माझ्याकडं आलं. वाटलं, एवढ्या मोठ्या शहरात एक बाई मिळायला काय लागतं?

दोन वर्षांत पाच जणी आल्या आणि गेल्या. पहिली जीव लावणारी होती. पाणी प्यायला, फोन घ्यायला उठली की रेणूला म्हणायची, "आलेच हं." आणि खरंच यायची. तिचं लग्न जमलं, एका शुक्रवारी ती "आलेच हं" म्हणून गेली आणि सोमवारी आली नाही. रेणूला कुणी सांगितलंच नाही. सांगून तिला काय कळणार, असं आम्ही सगळ्यांनी धरून चाललो. ती महिनाभर शाळेच्या फाटकाशी उभी राहून म्हणत होती, "आलेच हं. आलेच हं." रात्री झोपेतही तेच. पुढं पुढं कुणीही ते दोन शब्द उच्चारले की ती स्वतःचं मनगट चावायची.

दुसरी थोड्या दिवसांत गेली. तिसरी एका सकाळी न कळवता आली नाही आणि मी मूर्खासारखा, एक दिवस निभेल म्हणून रेणूला वर्गात सोडून आलो. त्या दिवशी नेमकी स्नेहसंमेलनाच्या ढोल-ताशाची तालीम. अकरा वाजता फोन आला. रेणू पाण्याच्या टाकीमागं ओल्यात आडवी पडलेली, मनगटातून रक्त येत होतं, आणि भोवती पोरं गोल करून उभी. एक पोरगं हसत होतं. त्याचा दोष नाही, त्याला कळत नव्हतं, पण ते हसू मला अजून दिसतं. मी तिला उचलून रिक्षात घातलं. घरापर्यंत ती एक शब्द बोलली नाही. नंतर बावीस दिवस बोलली नाही.

त्यानंतर मी ठरवलं, आता डोळ्यात तेल घालून बघायचं. चौथी आली सुजाता. पडेगावातलीच, डीएड झालेली, सावळी, कमी बोलणारी पोर. तिला मी पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं, डबलचंही सांगितलं. मग मी रोज वर्गाच्या खिडकीशी उभा राहायला लागलो. कधी दहाला, कधी बाराला, वेळ न सांगता. खिशात छोटी डायरी. ताई दहा वीसला बाहेर गेल्या, दहा अठ्ठावीसला आल्या. रेणूची वही कोरी. मधल्या सुट्टीत डबा उशिरा उघडला. संध्याकाळी फोन करून एकेक विचारायचो. मला वाटायचं, मी पोरीसाठी किती करतोय. आणि रात्री झोपताना हात जोडून म्हणायचो, मारुतीराया, सगळं तुझ्यावर सोडलंय.

अडीच महिन्यांनी सुजाताचा निरोप आला, मला जमणार नाही. मी घरी म्हटलं, आजकालच्या पोरींना टिकून काम नको असतं, कामचुकार सगळ्या. पाचवी तीन आठवड्यांत गेली. मग शाळेचं पत्र आलं. पोळ्यापर्यंत कायम टिकणारी मदतनीस मिळाली नाही तर रेणूला घरीच ठेवा. भाषा गोड होती, अर्थ तोच.

कविता पत्र वाचून गॅससमोर उभी राहिली. दूध उतू गेलं तरी हलली नाही. म्हणाली, "मामा, मी नोकरी सोडते. पण मी घरी बसून तिला काय देणार? तिला पोरं पायजेत हो आजूबाजूला. घरात राहिली तर होतं तेवढंबी बोलणं जाईल." मी म्हटलं, मिळेल कुणीतरी. ती म्हणाली, "तुम्ही सारखं तेच म्हणता." एवढं बोलून तिनं शेगडी पुसायला घेतली. माझी सून मला उलटून कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली आणि मला ते खरं वाटलं.

श्रावणातला शेवटचा शनिवार आला. पोळा चार दिवसांवर. मी त्या वर्षी गेलोच नव्हतो मारुतीकडं. पण सकाळी उठलो ते असा राग घेऊन, की याला आता पोरगीच दाखवतो. तोंडावर विचारतो, किती झोपतोस. रेणूला चालायला कंटाळा कधीच नसतो, तिला चालणंच काय ते मानवतं. शरणापूर फाट्यापर्यंत आम्ही रिक्षानं गेलो आणि पुढं पायी. ऊन-सावली होती, रस्त्याला पायी जाणारे पुष्कळ. रेणू माझं बोट न धरता पांढऱ्या पट्ट्यावरून नीट चालत होती. कितीतरी दिवसांनी मला बरं वाटलं.

दौलताबादला किल्ल्याच्या तटातून रस्ता जातो हे ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे. जुना दगडी दरवाजा, एका वेळी एकच गाडी निघते, आणि प्रत्येक जण आत शिरताना हॉर्न देतो. दगडात तो आवाज घुमतो. माझ्या हे ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं त्या दरवाज्यातून गेलो, पण नातीच्या कानांनी कधी गेलो नव्हतो. आम्ही मधोमध असताना समोरून ट्रकनं हॉर्न दिला आणि रेणू धाडकन आडवी झाली. उजव्या कुशीवर, कान रस्त्याला.

दोन्ही बाजूंना गाड्या थांबल्या. हॉर्नवर हॉर्न. ट्रकवाला खाली उतरून म्हणाला, "चच्चा, उठाव ना बच्ची कू, पीछे लाइन लगी." पायी जाणाऱ्यांपैकी कुणी म्हणालं, फिट आली, कांदा लावा. कुणी म्हणालं, अंगात आलं. मी तिचा दंड धरून ओढत होतो. लिहायला लाज वाटते, पण मी तिच्यावर ओरडत होतो, "ऊठ. ऊठ म्हणतो ना." ती स्वतःचं मनगट चावत होती आणि मी तिला ओढत होतो. एवढ्या वर्षांत डबल हा शब्द मला नेमका तेव्हाच आठवला नाही. मनात एकच होतं, झालं, सगळं संपलं, हिला कुणी सांभाळणार नाही आणि मी मेल्यावर ही अशीच कुठंतरी रस्त्यावर पडेल.

आमच्या अगदी मागंच अडकलेल्या एका काळी-पिवळी जीपमधून एक बाई उतरून आली. आधी तिनं माझा हात रेणूच्या दंडावरून काढला, हळूच, जसं पोराच्या हातातून कात्री काढतात. मग ट्रकवाल्याला म्हणाली, "भैया, दो मिनट हॉर्न मत बजाओ, कान दुखते उसके." आणि त्यानं मागं हात करून सगळ्यांना गप्प केलं. ती रेणूपासून हातभर दूर रस्त्यावरच बसली. शिवली नाही, बोलली नाही, चांगली साडी धुळीत गेली. तेव्हा मी तिचं तोंड पाहिलं. सुजाता होती.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. घड्याळ पाहिलं नाही, मी, घड्याळ बघणारा माणूस. रेणूनं मनगट सोडलं. मग सुजातानं हात लांब करून जीपच्या पत्र्यावर दोनदा टकटक केलं आणि म्हणाली, "डबल." रेणू उठली, फ्रॉक झटकला आणि दरवाज्यातून सरळ पलीकडं चालायला लागली. जणू स्टँडवर गाडी जरा थांबली होती, एवढंच.

पलीकडं रसवंतीच्या बाकावर आम्ही बसलो. जीप निघून गेली होती. मी विचारलं, तू कुठं निघाली होतीस? म्हणाली, "वेरूळला. बालवर्गाच्या शाळेत आज बोलावलं होतं, सोमवारपासून यायला सांगणार होते." मी म्हटलं, मग जा, दुसरी जीप मिळेल. ती रेणूकडं बघत बसली. मग म्हणाली, "आबा, एक बोलू का? राग नका येऊ देऊ."

मी म्हटलं, बोल.

"मी काम सोडलं ते रेणूमुळं नाय. तुमच्यामुळं. तुम्ही खिडकीत आले की माझे हात थरथरायचे. रेणूला लगेच कळायचं, तीबी बिथरायची. मग तुम्ही डायरीत लिहायचे, रेणू बिथरली." जरा थांबून म्हणाली, "तुम्हीच मला चेकरच्या गोष्टी सांगितल्या होत्या ना?"

रसवंतीचा घुंगरू वाजत होता आणि रेणूनं दोन्ही कान झाकले होते. मला आठवलं, पाचवीच्या वेळी तर मी मोबाईलवर फोटोही काढत होतो. पहिली लग्न ठरून गेली, पुढच्या दोघींचं मला माहीत नाही, पण या दोन पोरींना मीच घालवलं होतं. टिकणारं माणूस मिळत नाही म्हणून देवाला शिव्या घालत होतो आणि मिळालेलं माणूस मीच टिकू देत नव्हतो. म्हातारपणी माणसाला आपली चूक कळली की फार एकटं वाटतं. मी तिथं पोरीबाळींसमोर रडलो. सुजातानं पाण्याचा ग्लास पुढं केला, समजूत वगैरे घातली नाही.

मग मी तिला मारुतीचं सांगितलं. झोपलाय म्हणून रुसलो ते, आज तोंडावर विचारायला निघालो ते, आणि ती नेमकी या दरवाज्यात यावी ते. ती म्हणाली, "आबा, मी देव मानत नाय. आमच्या घरी बाबासाहेब आन् बुद्ध. मला हॉर्न ऐकू आला, म्हणून खिडकीतून पाह्यलं, तर रेणूचा फ्रॉक दिसला." मी म्हटलं, बरं. एवढ्यावर तो विषय तिनं संपवला आणि मीही वाढवला नाही. ती तिच्या जागी खरी आहे.

वेरूळचं सोडून ती परत यायला तयार झाली, पण लगेच नाही. रविवारी घरी आली, कवितासमोर बसली आणि तिनं तिच्या अटी सांगितल्या. आबांनी फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही. फोन कविताताई करतील, आठवड्यातून एकदा. शाळेतल्या मावशींना ती रेणूचं सगळं हळूहळू शिकवील, म्हणजे ती स्वतः आजारी पडली तर पोरगी एकटी पडायची नाही. आणि शेवटी म्हणाली, "मी कायम राहीन असं म्हणणार नाय. उद्या माझंबी काय होईल सांगता येत नाय. पण जायच्या आधी रेणूला सांगून जाईन, दहा वेळा सांगीन. आलेच हं म्हणून जाणार नाय." कविता पदर तोंडाला लावून आत गेली. मी डायरी काढून सुजातासमोर ठेवली. ती म्हणाली, ठेवा तुमच्याकडंच, मला काय करायची. तेही खरंच होतं.

पोळ्यानंतर रेणूची शाळा पुन्हा सुरू झाली. फाटकाशी मी थांबलो आणि रेणू सुजाताबरोबर आत गेली. मी निघायला हवं होतं. पाय निघेनात. त्या टाकीमागचं ओलं डोळ्यांपुढं आलं, ते हसणारं पोरगं आलं. एकदाच खिडकीतून बघावं, कुणाला कळणार, असं मन म्हणत होतं. सुजातानं वळून पाहिलं. रेणू मात्र तिचा हात सोडून फाटकाकडं परत आली. मला वाटलं, झालं, पोरगी जाणार नाही. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. पत्र्याच्या फाटकावर आतून दोनदा मूठ आपटली, म्हणाली, "डबल," आणि परत गेली.

मी चालायला लागलो. क्रांती चौकापर्यंत कसा आलो मला आठवत नाही.

हे लिहितोय तेव्हा वर्ष होत आलंय. सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही. रेणू अजून आडवी होते, मनगटावरचे वण आहेत, यंदा दोन वेळा शाळेतून तिला घरी आणावं लागलं. सुजाता अजून आहे, मावशींना अर्धंअधिक जमतं. पुढच्या वर्षाचं कुणाला माहीत? मला माहीत नाही, आणि माहीत नसताना जेवण जातं, झोप लागते, हे मला या वयात नव्यानं कळलं. तुझ्यावर सोडलंय म्हणत मी देवाच्याही खिडकीशी उभा होतो, डायरी घेऊन. बिचाऱ्यानं डोळे मिटून घेतले तर नवल काय?

त्या शनिवारी दर्शन राहूनच गेलं होतं. पोळ्यानंतरच्या शनिवारी एकटाच गेलो. गर्दी ओसरली होती. तो तसाच आडवा होता, शेंदूर ताजा, रुईच्या पानांची माळ गळ्यात. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याकडं शांतपणे पाहिलं. रेणू आडवी होते तसाच, एका कुशीवर. तिथं शेकडो माणसं येतात आणि त्याला कुणी ऊठ म्हणून ओढत नाही; सगळे हात जोडून, तो जसा आहे तसा, त्याच्यापाशी थांबतात. मला पोरीचा ओढलेला दंड आठवला आणि मी तिथंच तिची माफी मागितली, त्याच्यापुढं. त्याचे आभारही मानले. मागायचं काहीच राहिलं नव्हतं, म्हणजे होतं पुष्कळ, पण मागितलं नाही.

निघताना घंटेची दोरी हातात घेतली. सवयीनं एक टोल दिला आणि हात थांबला. मग दुसरा दिला, आणि मागं न बघता पायऱ्या उतरलो.